शासकीय पुनरुज्जीवन निधी आणि किनारी शहराची अर्थव्यवस्था : इंग्लंडमधील मार्गेट शहराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

औद्योगिक क्रांतीनंतरच्या इंग्लंडचा इतिहास लिहिताना मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅम यांसारख्या कारखानदारीच्या शहरांचा विचार प्रामुख्याने केला जातो. या शहरांतील आणि लंडनमधील श्रमिक वर्ग ज्या ठिकाणी आपली वर्षभरातील मोजकी सुटी घालवीत असे, ती समुद्रकिनाऱ्यावरील शहरे मात्र इतिहासलेखनात दीर्घकाळ दुय्यम स्थानी राहिली. शासकीय धोरणातही त्यांची तीच अवस्था झाली. कोळसा, पोलाद आणि जहाजबांधणी या उद्योगांचा ऱ्हास झाला तेव्हा त्या भागांसाठी कायदे झाले, आयोग नेमले गेले, निधी उभारला गेला. समुद्रस्नान व सहलींवर जगणाऱ्या शहरांचा ऱ्हास मात्र एखाद्या हंगामी दुकानाने हळूहळू फळ्या लावाव्यात तसा झाला. तो ऱ्हास औद्योगिक स्वरूपाचा आहे, हे मान्य होण्यासच कित्येक दशके लागली.

आग्नेय इंग्लंडमधील केंट परगण्यात, थॅनेट भागाच्या उत्तर किनाऱ्यावर वसलेले मार्गेट हे या प्रक्रियेचे ठळक उदाहरण आहे. अठराव्या शतकात समुद्रस्नानासाठी प्रसिद्धीस आलेले, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भरभराटीस पोहोचलेले आणि उत्तरार्धात दारिद्र्याच्या गर्तेत सापडलेले हे शहर एकविसाव्या शतकाच्या आरंभी शासकीय निधीच्या बळावर पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न झाला. या प्रयत्नाची देशभर प्रशंसा झाली, तसेच त्याविषयी अनेक प्रश्नही विचारले गेले. शासकीय निधीमुळे शहर बदलले काय, आणि बदलले असल्यास ते नेमके कोणासाठी बदलले, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

१) मार्गेटच्या उदयाची व ऱ्हासाची ऐतिहासिक कारणे स्पष्ट करणे.
२) शहराला मिळालेल्या शासकीय निधीचे स्वरूप व त्यामागील धोरण तपासणे.
३) या निधीचा स्थानिक रहिवाशांच्या जीवनावर झालेला परिणाम पाहणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून ब्रिटिश संसदेच्या समित्यांचे व शासकीय यंत्रणांचे प्रकाशित निष्कर्ष आणि शहराच्या इतिहासाविषयी उपलब्ध असलेली माहिती यांचा आधार घेतला आहे. अभ्यासाचा भर १९९० नंतरच्या कालखंडावर आहे.

मार्गेटचा उदय :

मार्गेट हे मूळचे मासेमारीचे व धान्यवाहतुकीचे लहान बंदर. समुद्राचे पाणी आरोग्यास हितकारक आहे, हा विचार अठराव्या शतकातील इंग्लिश वैद्यकात रूढ झाला आणि या बंदराचे भाग्य पालटले. १७३६ मध्ये येथे समुद्राच्या पाण्याच्या बंदिस्त स्नानगृहाची जाहिरात करण्यात आली होती. पुढे शतकाच्या मध्यास बेंजामिन बील या क्वेकर पंथीय गृहस्थाने चाकांवर चालणाऱ्या स्नानगाडीला घडीचे छत जोडले. त्यामुळे कोणाच्याही नजरेस न पडता समुद्रात उतरणे शक्य झाले. १७८७ मध्ये थिएटर रॉयल हे नाट्यगृह उभे राहिले. १७९१ मध्ये डॉ. जॉन कोकले लेट्सम यांच्या पुढाकाराने गरीब रुग्णांसाठी समुद्रस्नान रुग्णालयाची स्थापना झाली. श्रीमंतांचा शौक आणि गरिबांचे औषध या दोहोंसाठी एकच किनारा उपयोगी पडावा, हे मार्गेटचे वैशिष्ट्य आरंभापासूनच दिसून येते.

लंडनपासूनचे जवळचे अंतर हा या शहराचा खरा आधार होता. प्रथम शिडाच्या गलबतांतून, १८१५ पासून वाफेच्या बोटींतून प्रवासी टेम्स नदीमार्गे मार्गेटला येऊ लागले. १८३० च्या दशकात बोटीने येणाऱ्यांची वार्षिक संख्या सुमारे एक लाखावर गेली होती. १८४६ मध्ये लोहमार्ग शहरापर्यंत पोहोचला आणि प्रवास अधिक स्वस्त झाला. १८५५ मध्ये युजीनियस बर्च या अभियंत्याने येथे लोखंडी धक्का बांधला. १८७१ च्या कायद्याने बँक सुट्यांची तरतूद झाली, तर १९३८ च्या कायद्याने सवेतन रजेच्या तत्त्वास मान्यता मिळाली. कामगाराच्या हाती सुटी व थोडा पैसा आला, की तो किनाऱ्याकडे वळे. याच मागणीतून १९२० मध्ये 'ड्रीमलँड' हे करमणूक उद्यान सुरू झाले. लाकडी सांगाड्यावर धावणारी त्यातील 'सीनिक रेल्वे' ही शहराची ओळख बनली.

चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर यांचे बालपणीचे काही शिक्षण मार्गेटमध्ये झाले होते. पुढील आयुष्यात ते वारंवार येथे येत व सोफिया बूथ यांच्या बंदराजवळील घरी उतरत. ही तत्कालीन दृष्टीने किरकोळ घटना सुमारे पावणेदोनशे वर्षांनंतर शासकीय धोरणाचा आधार ठरली.

ऱ्हासाची कारणे :

मार्गेटच्या ऱ्हासाचे कारण सामान्यतः एका वाक्यात सांगितले जाते : स्वस्त विमानप्रवास सुरू झाला आणि इंग्रज पर्यटक स्पेनला गेले. हे कारण खरे असले, तरी अपुरे आहे. १९६० च्या दशकापासून परदेशी सहलींचे प्रमाण वाढले. मोटारगाडी घरोघरी आल्याने किनाऱ्यावर आठवडाभर मुक्काम करणारा पाहुणा एका दिवसाचा प्रवासी झाला. खानावळी, निवासगृहे व हॉटेले यांचे उत्पन्न मुक्कामावर अवलंबून होते, त्यामुळे पर्यटकांच्या एकूण संख्येपेक्षा मुक्कामाच्या दिवसांतील घट शहराला अधिक जाचक ठरली. जानेवारी १९७८ मधील वादळाने बर्चचा लोखंडी धक्का उद्ध्वस्त केला आणि त्याची पुनर्बांधणी झाली नाही.

दुसरे कारण भौगोलिक आहे. देशाच्या अंतर्भागातील शहराला चारही दिशांचा ग्राहक व कामगार मिळतो. किनारी शहराच्या एका बाजूस समुद्र असल्याने त्याची बाजारपेठ निम्मी होते. अशा शहरात एक व्यवसाय बुडाला, तर पर्यायी रोजगारासाठी जाण्याची ठिकाणेही मर्यादित असतात. पूर्व केंटच्या बाबतीत ही मर्यादा तीव्रतेने जाणवली. केंटमधील शेवटची कोळसा खाण १९८९ मध्ये बंद झाली. २०११ मध्ये जवळच्या सँडविच येथील फायझर कंपनीने आपले संशोधन केंद्र बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा तेथे सुमारे २,४०० कर्मचारी होते. २०१४ मध्ये मॅन्स्टन विमानतळ बंद झाला.

तिसरे कारण घरांशी निगडित असून प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहे. पर्यटक येईनासे झाले, तरी त्यांच्यासाठी बांधलेल्या इमारती उभ्याच होत्या. विशेषतः पूर्वेकडील क्लिफ्टनव्हिल भागातील प्रशस्त हॉटेले व निवासगृहे यांचे मालकांनी लहान लहान खोल्यांत विभाजन केले आणि त्या भाड्याने दिल्या. कमी भाड्यामुळे बेरोजगार, वृद्ध, आजारी आणि निराधार माणसे तेथे आली. अनेकांना अन्य भागांतील स्थानिक प्रशासनांनीच तेथे पाठविले होते. भाडे बहुतांशी शासकीय निवास भत्त्यातून मिळत असल्याने घरमालकास उत्पन्नाची शाश्वती होती, मात्र दुरुस्तीची निकड नव्हती. अशा रीतीने पाहुण्यांची वसाहत गरजूंची वसाहत झाली. येथे शासनाचा पैसा येतच नव्हता असे नाही. तो भत्त्याच्या रूपाने येत होता आणि घरमालकाच्या हाती जात होता.

चौथे कारण स्थानिक नियोजनाचे आहे. २००५ मध्ये थॅनेटच्या मध्यभागी वेस्टवूड क्रॉस हे मोठे व्यापारी संकुल सुरू झाले. मोटारीने जाता येईल, वाहन उभे करता येईल आणि सर्व वस्तू एका ठिकाणी मिळतील, अशी त्याची रचना होती. मार्गेटच्या मुख्य बाजारपेठेतील मोठी दुकाने तिकडे गेली व बाजारपेठ ओस पडली. जी दुकाने पुन्हा उघडावीत म्हणून पुढे निधी खर्च झाला, ती रिकामी होण्यास सार्वजनिक संमतीने झालेले नियोजनही अंशतः जबाबदार होते, ही विसंगती नोंदविणे आवश्यक आहे.

शासकीय धोरणाची वाटचाल :

ब्रिटनमधील प्रादेशिक विकासाच्या धोरणाची सुरुवात १९३४ च्या विशेष क्षेत्र कायद्याने झाली. दक्षिण वेल्स, टाइनसाइड, पश्चिम कंबरलँड व मध्य स्कॉटलंड ही त्याची क्षेत्रे होती. अवजड उद्योगांतील बेकारी हा त्याचा निकष होता. किनारी शहरे या निकषात बसत नव्हती, कारण १९३० च्या दशकात ती भरभराटीत होती. १९६९ च्या पर्यटन विकास कायद्याने पर्यटन मंडळे स्थापन झाली व नव्या हॉटेलांच्या बांधकामास अनुदान मिळू लागले. परंतु किनाऱ्यावरील कुटुंबांनी चालविलेल्या जुन्या निवासगृहांचा प्रश्न नव्या बांधकामाचा नव्हता. त्यामुळे हे धोरण त्यांच्या फारसे उपयोगी पडले नाही.

१९९० च्या दशकात परिस्थिती बदलू लागली. १९९३ मध्ये थॅनेटचा समावेश शासकीय साहाय्यास पात्र क्षेत्रांत झाला. सधन समजल्या जाणाऱ्या आग्नेय इंग्लंडमध्येही दारिद्र्याचे कप्पे आहेत, याची ही अधिकृत कबुली होती. त्याच दशकाच्या उत्तरार्धापासून युरोपीय संघाच्या संरचनात्मक निधीचा लाभही या भागास मिळाला. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या आग्नेय इंग्लंड विकास संस्थेने प्रादेशिक पातळीवर निधीचे नियोजन सुरू केले.

मार्च २००७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या संबंधित समितीने किनारी शहरांविषयी अहवाल सादर केला. भौगोलिक एकटेपणा, वृद्धांचे वाढते प्रमाण, तरुणांचे स्थलांतर, अस्थिर लोकसंख्या, निकृष्ट घरे आणि हंगामी रोजगार ही या शहरांची समान लक्षणे समितीने नोंदविली व शासनाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याचे मत मांडले. त्यानंतर २००८ मध्ये 'सी चेंज' ही योजना आली. सुमारे ४ कोटी ५० लाख पौंडांच्या या योजनेचा उद्देश सांस्कृतिक प्रकल्पांच्या माध्यमातून किनारी शहरांना चालना देणे हा होता. संस्कृती ही पुनरुज्जीवनाची किल्ली मानण्याचा विचार येथे राष्ट्रीय धोरण बनला आणि मार्गेट त्याची प्रयोगशाळा ठरले.

टर्नर कंटेम्पररी : सांस्कृतिक प्रकल्पाचा प्रयोग

टर्नर यांच्या नावाने मार्गेटमध्ये कलादालन उभारण्याची कल्पना १९९० च्या दशकापासून चर्चेत होती. प्रारंभीचा आराखडा जुन्या दगडी धक्क्यालगत प्रत्यक्ष समुद्रात इमारत उभी करण्याचा होता. खर्चाचा अंदाज सतत वाढत गेल्याने २००६ मध्ये तो सोडून द्यावा लागला. त्यानंतर वास्तुविशारद डेव्हिड चिपरफील्ड यांच्याकडे काम सोपविण्यात आले. त्यांनी किनाऱ्यावर, सोफिया बूथ यांचे घर जेथे होते त्याच जागी, साध्या व भक्कम स्वरूपाची इमारत योजिली. सुमारे १ कोटी ७५ लाख पौंड खर्चाचे हे दालन १६ एप्रिल २०११ रोजी खुले झाले. केंट परगणा परिषद, इंग्लंडची कला परिषद व आग्नेय इंग्लंड विकास संस्था हे त्याचे प्रमुख अर्थपुरवठादार होते. प्रवेश विनामूल्य ठेवण्यात आला.

पहिल्याच वर्षी सुमारे पाच लाख भेटींची नोंद झाली. थॅनेटच्या एकूण लोकसंख्येच्या तुलनेत ही संख्या तिपटीहून अधिक होती. जुन्या शहरातील रिकाम्या दुकानांत उपाहारगृहे, जुन्या वस्तूंची दुकाने, कलाकारांच्या कार्यशाळा सुरू झाल्या. २०१९ मध्ये टर्नर पारितोषिकाचे प्रदर्शन येथे भरले. डिसेंबर २००९ मध्ये जलदगती लोहमार्गाची सेवा पूर्णपणे सुरू झाल्याने लंडनचा प्रवास सुमारे दीड तासावर आला होता. ही बाब कलादालनाइतकीच निर्णायक होती. १८४६ प्रमाणेच या वेळीही लोहमार्गाने शहराचे अर्थकारण बदलले. फरक इतकाच, की एकोणिसाव्या शतकातील रेल्वेने सुटीसाठी माणसे आणली व ती परत नेली. एकविसाव्या शतकातील रेल्वेने आणलेल्या माणसांपैकी अनेकांनी येथे घरे घेतली.

ड्रीमलँड : स्थानिक पुढाकार व निधीच्या मर्यादा

कलादालनाची कल्पना प्रशासनाकडून खाली आली. ड्रीमलँडचा प्रश्न मात्र लोकांकडून वर गेला. २००३ मध्ये उद्यान बंद करून जागेचा अन्य विकास करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा ते वाचविण्यासाठी नागरिकांची मोहीम सुरू झाली. सीनिक रेल्वेस २००२ मध्येच संरक्षित वास्तूचा दर्जा मिळालेला होता. करमणुकीचे यांत्रिक साधन राजवाडे व चर्च यांच्या पंक्तीस बसावे, ही घटना वारसाविषयक दृष्टिकोनातील बदल दर्शविते. एप्रिल २००८ मध्ये लागलेल्या आगीत रेल्वेच्या सांगाड्याचा सुमारे चतुर्थांश भाग नष्ट झाला. तथापि मोहीम थांबली नाही. 'सी चेंज' योजनेतून सुमारे ३७ लाख पौंड आणि वारसा लॉटरी निधीतून सुमारे ३० लाख पौंड मंजूर झाले. थॅनेट जिल्हा परिषदेने सक्तीच्या भूसंपादनाचा मार्ग स्वीकारला व न्यायालयीन लढ्यानंतर २०१३ मध्ये जागा ताब्यात घेतली. १९ जून २०१५ रोजी उद्यान पुन्हा सुरू झाले.

परंतु उद्घाटनाच्या दिवशी सीनिक रेल्वे तयार नव्हती. ती ऑक्टोबरमध्ये, म्हणजे हंगाम संपल्यावर धावू लागली. उत्पन्न अपेक्षेप्रमाणे न आल्याने उद्यान चालविणारी कंपनी अडचणीत सापडली आणि मे २०१६ मध्ये तिचा कारभार दिवाळखोरीविषयक कायद्यानुसार नेमलेल्या प्रशासकांकडे गेला. पुढे खासगी गुंतवणुकीतून उद्यानाची नव्याने मांडणी करण्यात आली व संगीत कार्यक्रमांवर भर देण्यात आला. या घटनेतून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. शासकीय निधी हा प्रामुख्याने भांडवली खर्चासाठी होता. इमारत दुरुस्त करण्यास, यंत्रे बसविण्यास तो उपलब्ध झाला. पहिली दोन-तीन वर्षे तोटा सहन करून उद्यान चालविण्यास आवश्यक असलेल्या महसुली खर्चाची तरतूद मात्र पुरेशी नव्हती. हंगामी व्यवसायास पहिल्या हंगामातच स्वावलंबी होण्याची अट घातली गेली, असेच म्हणावे लागेल.

२०१० नंतरचे स्पर्धात्मक निधी :

२०१० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडी शासनाने काटकसरीचे धोरण स्वीकारले. 'सी चेंज' योजना पुढे चालू राहिली नाही, तर प्रादेशिक विकास संस्था २०१२ मध्ये बरखास्त झाल्या. त्यांच्या जागी अनेक लहान निधी आले. २०१२ मध्ये किनारी समुदाय निधी सुरू झाला. राजसत्तेच्या सागरी मालमत्तेच्या उत्पन्नाशी त्याची रक्कम निगडित केली होती. समुद्रातून मिळणारे उत्पन्न समुद्रकाठच्या लोकांकडे वळविण्याची ही कल्पना तत्त्वतः न्याय्य होती. त्याच वर्षी बाजारपेठांच्या पुनरुज्जीवनासाठी 'पोर्टास' योजनेत निवडलेल्या पहिल्या बारा ठिकाणांत मार्गेटचा समावेश झाला. प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे एक लाख पौंड आले. ओस पडलेल्या संपूर्ण बाजारपेठेच्या तुलनेत ही रक्कम अत्यल्प होती. २०१९ मध्ये ३६० कोटी पौंडांचा शहर निधी जाहीर झाला. प्रस्तावासाठी निमंत्रित १०१ शहरांत मार्गेट होते व २०२१ मध्ये त्यास २ कोटी २२ लाख पौंड मंजूर झाले. सर्जनशील उद्योग, वारसा वास्तू, पादचारी व सायकल मार्ग आणि किनाऱ्यावरील आरोग्यदायी उपक्रम यांचा त्या आराखड्यात अंतर्भाव होता. शहरांच्या निवडीच्या पद्धतीवर संसदेच्या लोकलेखा समितीने नोव्हेंबर २०२० मध्ये कठोर टीका केली. निवडीतील निःपक्षपातीपणाविषयी समितीने शंका उपस्थित केली होती.

या निधींचा विचार करताना दुसरी बाजू पाहणे आवश्यक आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये दाखवून दिले, की २०१०-११ ते २०१७-१८ या काळात इंग्लंडमधील स्थानिक प्रशासनांना मिळणारे केंद्रीय अर्थसाहाय्य वास्तव मूल्यात सुमारे ४९ टक्क्यांनी घटले. म्हणजे ग्रंथालये, युवक केंद्रे, समाजसेवा व घरांची तपासणी यांसाठी दरवर्षी मिळणारे पैसे कमी झाले आणि विशिष्ट प्रकल्पासाठी स्पर्धेतून एकदाच मिळणारे पैसे आले. नियमित अनुदान हा हक्क असतो. स्पर्धात्मक निधी हे बक्षीस असते. ज्या प्रशासनाकडे प्रस्ताव तयार करणारे कुशल अधिकारी कमी, त्यालाच गरज अधिक, असा हा पेच होता.

निधीचा लाभ कोणाला?

मार्गेटचे पुनरुज्जीवन झाले की नाही, या प्रश्नाचे उत्तर तो कोणास विचारला जातो यावर अवलंबून आहे. जुन्या शहरात फिरणाऱ्या पर्यटकास बदल स्पष्ट दिसतो. परंतु २०१९ च्या इंग्लंडच्या वंचितता निर्देशांकानुसार थॅनेट हा केंटमधील सर्वाधिक वंचित जिल्हा होता आणि मार्गेट सेंट्रल व क्लिफ्टनव्हिल वेस्ट येथील काही वस्त्या देशातील सर्वाधिक वंचित दहा टक्क्यांत मोडत होत्या. कलादालन सुरू होऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. कलादालनापासून या वस्त्या पायी जाण्याच्या अंतरावर आहेत.

या काळात घरांच्या किमती व भाडी वाढली. लंडनहून येऊन स्थायिक होणाऱ्यांसाठी स्थानिक लोक 'डीएफएल' म्हणजे 'लंडनहून उतरलेले' असा शब्द वापरू लागले. त्यात थट्टा आहे तशीच व्यथाही आहे. पर्यटकांना अल्पकाळासाठी घरे देण्याचा व्यवसाय वाढल्याने दीर्घकालीन भाडेकरूंसाठी जागा कमी झाल्या. म्हणजे ज्या खोल्या एकेकाळी पाहुण्यांसाठी होत्या व पुढे गरजूंच्या झाल्या, त्या पुन्हा पाहुण्यांकडे जाऊ लागल्या. गरजू कोठे गेले, याचे उत्तर निधीच्या कोणत्याही आराखड्यात नव्हते. उपाहारगृहे व दुकाने यांनी रोजगार दिला. परंतु त्याचे स्वरूप पुष्कळदा हंगामी व अल्पवेतनीच राहिले आणि अशा वेतनावर वाढलेले भाडे देणे कठीण होते.

तथापि सर्व दोष निधीच्या माथी मारणे इतिहासास धरून होणार नाही. निर्देशांक हा वस्तीची स्थिती सांगतो, तेथील एकेका कुटुंबाची कहाणी सांगत नाही. निधी आला नसता तर शहराची अवस्था अधिक बिकट झाली असती, हा युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नाही. शिवाय घरांच्या प्रश्नावर काही प्रयत्न निश्चितच झाले. २०११ मध्ये क्लिफ्टनव्हिल भागात घरमालकांना परवाना सक्तीचा करण्यात आला. 'लिव्ह मार्गेट' या कार्यक्रमाखाली मोडकळीस आलेल्या इमारती विकत घेऊन त्यांचे कुटुंबासाठी योग्य घरांत रूपांतर करण्याचे काम हाती घेण्यात आले. ही कामे उद्घाटनाच्या छायाचित्रांत दिसत नाहीत, तरीही रहिवाशांच्या दृष्टीने ती अधिक मोलाची होती.

२०१९ मध्ये वरिष्ठ सभागृहाच्या समितीने किनारी शहरांच्या भवितव्याविषयी दिलेल्या अहवालात घरे, शिक्षण व वाहतूक यांवर भर दिला. २०२१ मध्ये इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनी आपला वार्षिक अहवाल किनारी समुदायांच्या आरोग्यास वाहिला आणि या समुदायांचे प्रश्न जवळच्या अंतर्भागातील गावांपेक्षा परस्परांशी अधिक मिळतेजुळते असल्याने त्यांच्यासाठी राष्ट्रीय धोरण हवे, असे प्रतिपादन केले. ज्या किनाऱ्यावर १७९१ मध्ये लंडनच्या गरिबांना बरे करण्यासाठी रुग्णालय स्थापन झाले, तशाच किनाऱ्यांवरील माणसांचे आरोग्य हा सव्वादोनशे वर्षांनंतर राष्ट्रीय चिंतेचा विषय व्हावा, यात या शहरांच्या स्थित्यंतराचा सारांश आला आहे.

निष्कर्ष :

१) मार्गेटचा ऱ्हास केवळ परदेशी पर्यटनामुळे झाला नाही. मुक्कामाच्या काळातील घट, भौगोलिक मर्यादा, जुन्या हॉटेलांचे निकृष्ट घरांत झालेले रूपांतर आणि सदोष नियोजन यांचा तो एकत्रित परिणाम होता.

२) शासनाने किनारी शहरांच्या प्रश्नाची दखल अवजड उद्योगांच्या क्षेत्रांच्या तुलनेत अनेक दशके उशिरा घेतली.

३) निधीचे स्वरूप प्रामुख्याने भांडवली, अल्पमुदतीचे व स्पर्धात्मक होते. शहराच्या समस्या मात्र दीर्घकालीन व दैनंदिन स्वरूपाच्या होत्या. ड्रीमलँडच्या पहिल्या अपयशात ही तफावत स्पष्ट दिसते.

४) कलादालन व जलदगती रेल्वे यांमुळे शहराची प्रतिमा व जागेचे मूल्य वाढले. परंतु त्या जागेवर राहणाऱ्या माणसांचे उत्पन्न त्याच गतीने वाढले नाही. परिणामी पुनरुज्जीवनाचा भार काही अंशी भाडेकरूंवर पडला.

५) स्थानिक नागरिकांचा पुढाकार जेथे होता, तेथे निधी संपल्यावरही काम टिकून राहिले.

समारोप :

मार्गेटचा इतिहास हा शासकीय निधीच्या अपयशाचा इतिहास नाही, तसाच तो निर्भेळ यशाचाही नाही. शासन एखादी इमारत तीन-चार वर्षांत उभी करू शकते. त्या इमारतीभोवती राहणाऱ्या माणसास स्थिर रोजगार, परवडणारे घर व चांगले आरोग्य मिळण्यास पिढीभराचा काळ व तितकाच सातत्यपूर्ण खर्च लागतो. पहिल्या प्रकारचा खर्च डोळ्यांत भरतो, दुसरा भरत नाही. म्हणूनच राजकीय व्यवस्थेस पहिला अधिक प्रिय असतो. किनारी शहराच्या पुनरुज्जीवनाचे मोजमाप तेथे किती पाहुणे आले यावरून केले जाते. तेथील किती रहिवाशांना आपले शहर सोडावे लागले नाही, हे मोजमापही त्याच्याइतकेच महत्त्वाचे मानले गेले पाहिजे, हाच मार्गेटच्या तीन शतकांच्या वाटचालीतून मिळणारा बोध होय.